फेफरं यादीत बसलं नाही

तालुक्याच्या साहेबांनी मला फसवून माझ्या बहिणीचं औषध तोडलं. त्या सौद्याला हो म्हणालो मी.

त्या पावसात डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीवर डोंगर घसरला. घरं चिखलात गेली. माझ्या बहिणीच्या, ठकूच्या फेफऱ्याच्या गोळ्याही गेल्या. रस्ता तुटला, एसटी बंद. आम्हाला शाळेत ठेवलं. सरकारी औषधांचा कार्यक्रम आला. कोणते आजार फुकट बघायचे ते ठरवायला विश्रामगृहात बैठक बसली. धरणाची मासळी मंचरला विकणारा मी. भावात कुणाचं ऐकत नाही, म्हणून वाडीनं मला पाठवलं.

साहेब खुर्चीत, भोवती त्यांची माणसं. मी दाराशी उभा. जुलाब, ताप, सर्पदंश, जखमा लिहून झाल्या.

"फेफरं पण लिवा, साहेब. गोळ्या वाहून गेल्यात."

"फेफरं काय पावसानं आलं? कुणाला आहे?"

"माज्या बहिणीला."

"बघा, पावणं घरचा माल खपवतायत!"

सगळे हसले. चहा देणारा शिपाईसुद्धा. मग साहेब म्हणाले, "यादीत एकच जागा उरलीय. मोडलेली हाडं घेऊ की तुमचं फेफरं? बोला, व्यापारी."

हाडं मोडलेली तिघं होती, ठकू एकटी. पण खरं सांगतो, मी तिघांचा विचार केला नाही. ते हसणं झोंबलं होतं. स्वतःसाठी मागणारा दिसायचं नव्हतं.

"हाडं लिवा," म्हणालो. ताठ मानेनं बाहेर पडलो.

शाळेत येऊन सांगितलं, तर ठकू म्हणाली, "बरं केलंस दादा. मला काय लगेच व्हतंय?"

पाचव्या दिवशी ओढ्यावर भांडी घासताना तिला फेफरं आलं. पाणी घोट्याएवढं. ती पालथी पडली होती.

तेराव्यानंतर साहेबांनी बोलावलं. कार्यक्रम चांगला झाला, अशा अहवालावर माझी सही हवी होती. मागं सरकारी आदेश जोडलेला. मी मोठेपणी वाचायला शिकलो, ओळीवर बोट ठेवून वाचतो. वाचला. जुन्या आजारांची चालू औषधं बंद पडू देऊ नयेत, असं त्यात होतं. एकच जागा, असं कुठंच नव्हतं. अहवालात ठकूच्या नावापुढं लिहिलं होतं, बुडून मृत्यू.

"सही करा राव, उशीर होतोय."

"न्हाई करत."

चुकीतला माझा वाटा मी वाडीसमोर उभं राहून सांगितला. लाजेपायी बहीण घालवली. आता त्या खोलीतल्यांनी सांगावं. एकच जागा कुणी ठरवली? हसलात कशाला? ते 'बुडून' खोडा. तिचा आजार लिहा. आणि खाली सही तुमची करा.