कांदा-चार नंबरची कॅसेट

तिसगावात सायमन मास्तरच्या घरी कॅसेटी साठत गेल्या, तसे किस्से बी साठले. कॅसेटींला नंबर हायेत, किश्श्यांला न्हाईत. म्हनून हाताला येतील तसे सांगतो. मास्तर दिवसा शाळंत शिकवायचे, सांजच्याला ख्याल गायचे. पल्हाद तबल्यावर, मी टेपवर. बटन दाबायचं, एवढंच माझं काम.

*

मास्तर म्हनले, "सदा, प्रत्येक कॅसेटवर रागाचं नाव लिहीत जा."

मी लिवलं, 'कांदा-४'. म्हंजी कांदे काढायच्या टायमाची चौथी.

पल्हाद म्हनला, "आरं येड्या, मारव्याला कांद्याचा नंबर?"

"मला मारवा वळखू येत न्हाई. कांदे कवा काढले ते ध्यानात ऱ्हातं!"

मास्तरनी चष्मा पुसला. "राहू दे," म्हनले.

*

त्याच कांदा-४ च्या टायमाला आलाप असा लागला हुता, का पल्हादचे हात मांडीवरच थांबलेले. तेवढ्यात दारात ट्रॅक्टर भडभडत आला. माझं टाळकं सरकलं. "ए गाढवा! बंद कर ते! आमचे सायमन मास्तर गातेत, दिसत न्हाई व्हय!"

समदं टेपात गेलं. मास्तर आठ दिस माझ्याशी बोलले न्हाईत. पन त्या कॅसेटीवर दुसरं काय भरू दिलं न्हाई.

*

पुन्याचे एक साहेब मास्तरच्या कॅसेटींची यादी कराया आले. "नीट क्रमांक लावू," म्हनले आन माझ्या चिठ्ठ्या सोलून टाकल्या. समद्या! मी गचांडीच धरनार हुतो.

मास्तर म्हनले, "सदा, बस. एकेक लाव."

नुसता तानपुरा वाजला, गळा अजून लागायचा हुता. मास्तर म्हनले, "ज्वारी-दोन." पुढची लावली. "कांदा-सात."

साहेबांनी पेन खिशात ठिवला.

*

मंग मास्तरच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव ऱ्हायला, आवाज गेला. नगरच्या दवाखान्यात मास्तरनी पाटीवर पयलं काय लिवलं? 'कांदा-४ आण.'

"मास्तर, ती मी नासवलेली हाय."

त्यांनी पाटीवर बोट आपटलं.

*

मास्तरची लेक रूथ म्हनली, "सदाकाका, आता गाण्याला बारा अक्षरी नंबर मिळतो. जगात कुठंही वाजलं तरी बाबांचंच म्हणून ओळखता येतं."

आता नवं गानं हुनार न्हवतं. हाय ते तरी बापाच्या नावावर लागावं, एवढीच पोरीची तगमग. नंबर मिळाला. मी चिठ्ठीवर कांदा-४ च्या खाली लिवून घेतला. रूथनं गानं इंटरनेटवर चढवलं.

तिसऱ्या दिशी त्या इंटरनेटवाल्यांचा निरोप आला. हे गानं दुसऱ्याच एका गवयाचं हाय, आमच्या कंप्युटरनं वळखलं!

मास्तरनी पाटी उपडी ठिवली.

मी रूथला म्हनलं, "त्यांला लिव, तुमच्या गवयाच्या गान्यात माझी शिवी दाखवा!"

तिनं तसंच कळवलं. नवव्या मिनिटाला ट्रॅक्टर, मंग गाढव, मंग मास्तरचं नाव.

आठवड्यात त्यांनी माघार घेतली.

*

रूथ म्हनली, "आता तेवढा आरडाओरडा कापून टाकते. गाणं स्वच्छ होईल."

मास्तरनी पाटी वढली. लई येळ लिवत हुते. मंग पाटी तिला न दाखवता माझ्याकडं फिरवली.

'राहू दे. गायन – सायमन. तबला – प्रल्हाद. ओरडणे – सदाशिव.'