अजगराला आग्रह

न्यू जर्सीतल्या एका पेट शॉपमधली बाई गळ्यात अजगर मफलरसारखा गुंडाळून गिऱ्हाइकांशी बोलायची. ऐंशीच्या दशकात मुलाच्या हट्टापायी मी तिच्याकडून एक छोटा अजगर आणला. आठवडा झाला तरी तो जेवेना, म्हणून तक्रार घेऊन गेलो.

"दोन्ही वेळा हातात घेतो, तोंडाशी उंदीर धरतो," मी म्हणालो. "आमच्यात पाहुण्याला आग्रह करतात."

गळ्यातलं वेटोळं सैल करत ती शांतपणे म्हणाली, "घर नवं आहे त्याला. आठवडाभर हात लावू नका. मग उंदीर ठेवा आणि खोलीबाहेर जा."

तसं केलं. तासाभरात उंदीर गायब.

पुढच्या रविवारी पुण्याहून नुकताच आलेला एक विद्यार्थी आमच्याकडे जेवायला आला. लाजून एकच पोळी चिवडत होता. बायको आग्रहाला निघाली. मी तिला अडवलं, पोळ्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला आणि दार लोटून घेतलं.

अर्ध्या तासानं डबा रिकामा.