कॅमेऱ्याच्या बाजूला उभी ओपलमावशी

ओपलमावशीला सगळ्यांनी बघितलेलं असतं आणि कुणालाच ती आठवत नाही. बाजारात एखादी बाई मध्येच थांबते, तिच्याकडे टक लावून बघते आणि विचारते, तुम्ही आमच्या चर्चमध्ये येता का हो? मावशी म्हणते, येते की कधीकधी. अगं, खरं सांग ना तिला, असं मी म्हटलं की म्हणते, कशाला, बिचारीला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय.

ती माझ्या आईची धाकटी बहीण, ओपल हॅव्हरकँप. मुक्या सिनेमांच्या काळात नेब्रास्कातलं गाव सोडून हॉलिवूडला आली ती हिरॉइन व्हायलाच. पण उंची जास्त, हनुवटी मोठी आणि ऐन पंचविशीत चेहरा असा, की कुणीही डोळे मिटून घराच्या किल्ल्या हातात द्याव्यात. मग स्टुडिओवाल्यांनी दिल्याच. मोलकरीण, नर्स, घरमालकीण, तुरुंगातली पहारेकरीण. दार उघडायचं, मालक घरी नाहीत म्हणायचं, दार लावायचं. आणि ती ते दार असं लावायची ना, की मालक आतच लपलाय हे बघणाऱ्याला कळायचं. आता हे कोण लक्षात ठेवतं? मी ठेवते.

मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा दुसरं महायुद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. मधे अंगण आणि भोवती बुटकी बुटकी घरं, अशी आमची वस्ती, आणि राहणारे सगळे सिनेमातलेच. शेजारी मिस्टर टॅगर्ट, ते सिनेमात हिरोच्या बदली घोड्यावरून पडून पोट भरायचे. आमच्याकडे कुणाला काम मिळालं की अंगणात सगळ्यांनी मिळून जेवायचं, आणि कुणाचा सीन कापला गेला की त्याच्यासमोर आठवडाभर सिनेमाचा विषय काढायचा नाही. हे कुणी शिकवत नाही, कळतंच.

मावशीला एकच गोष्ट हवी होती आणि ती ते कधी बोलायची नाही. क्लोजअप. इतक्या वर्षांत तिचा चेहरा पडदाभर एकटा असा कधी आलाच नव्हता. नेहमी कुणाच्या तरी मागे, ट्रे घेऊन.

आणि मग तो सिनेमा आला. आई नसलेल्या एका मुलीला लहानाची मोठी करणारी घरकामाची बाई, आणि लग्नाच्या दिवशी मुलीशी बोलायचा एक अख्खा सीन. डायरेक्टर होते मिस्टर हलाश, हंगेरीचे, सतत खोकल्याच्या गोळ्या चघळणारे. त्यांनी स्वतः तिला बाजूला घेऊन सांगितलं, या सीनमध्ये तुझा क्लोजअप घेणार. मावशी घरी आली, मांसाचा मोठा तुकडा भाजायला ओव्हनमध्ये ठेवला, आणि तो कोळसा होईपर्यंत नुसती खिडकीपाशी बसून राहिली. तरीही सगळ्यांनी तो अंगणात बसून खाल्ला. मिस्टर टॅगर्ट म्हणाले, ओपल, घोड्याचं खोगीर याहून मऊ असतं गं. मावशी इतकी हसली की डोळे पुसायला लागली.

शूटिंगच्या दिवशी मला कॉलेजला सुट्टी होती, म्हणून ती मला घेऊन गेली. शिंक आली तरी गिळायची, एवढंच बजावलं.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. असा सीन आधी लांबून घेतात, दोघीही दिसतील असा. मग कॅमेरा हिरॉइनच्या तोंडासमोर नेतात आणि दुसरीने कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला, चौकटीबाहेर उभं राहून आपले संवाद म्हणायचे, का तर हिरॉइनला बघायला कुणाचे तरी डोळे हवेत. मग कॅमेरा फिरवतात आणि तुमची पाळी. चौकटीबाहेर असताना शहाणा माणूस संवाद नुसते पुटपुटतो. हे मला मावशीनेच शिकवलं होतं, रडू म्हणजे नळाचं पाणी, ठरावीक वेळच येतं, आपली बादली लागेपर्यंत तोटी सोडायची नाही.

हिरॉइन होती कोरीन डेल. एकोणीस वर्षांची, टेक्सासची, दिसायला अशी की बघतच राहावं, आणि रडता येत नव्हतं. लांबचा शॉट झाला. कॅमेरा तिच्यावर गेला. मावशी चौकटीबाहेर उभी राहून हळू आवाजात संवाद देत होती, शहाण्यासारखी. कोरीनचा चेहरा कोराच. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. मिस्टर हलाश गोळ्यांवर गोळ्या चघळत होते. मागे निर्मात्याचा माणूस कुणाला तरी सांगत होता की हिला जमत नसेल तर दुसरी आहे, उद्या सकाळी आणून उभी करतो. तो काही फार हळू बोलत नव्हता. कोरीनने ते ऐकलं. मी तिचे हात बघितले, लग्नाच्या झग्याची कड चुरगाळत होती ती.

मावशीनेही बघितलं. आणि मला कळलं की ही आता काय करणार, आणि मला ओरडावंसं वाटलं, नको, मावशी, तुझी पाळी अजून व्हायचीय.

ती गुडघ्यांवर बसली. कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी, कोरीनच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशी. आणि म्हणाली, "तुझी आई गेली त्या दिवशी सगळे रडत होते. तू एकटीच रडत नव्हतीस. तू माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, आता उद्या शाळेत जाताना माझी वेणी कोण घालणार?"

संवाद तेच होते, घरी मी तिच्याकडून हजारदा ऐकलेले. पण आवाज तो नव्हता. मावशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून एप्रनवर पडत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. तिला मूल नाही, लग्न नाही, कुणाची वेणी घातली असेल तर माझी, माझ्या लहानपणी ती सुट्टीत आमच्याकडे आली होती तेव्हा. कोरीनचा चेहरा आधी हलला, मग मोडला, आणि ती अशी रडली की वर दिवे धरून बसलेल्या माणसांनी टोप्या काढल्या.

मिस्टर हलाश म्हणाले, झालं. आणि जेवायची सुट्टी दिली.

जेवणानंतर मावशीची पाळी. अशा वेळी हिरॉइन घरी जाते, आणि संवाद लिहून ठेवणारी मुलगी तिच्या जागी बसून ते सपाट आवाजात वाचते, तसाच रिवाज आहे. कोरीन गेली नाही. तिला सांगितलं, जा, आराम कर, तर ती हट्टाने कॅमेऱ्याशेजारी येऊन बसली आणि अगदी मनापासून संवाद द्यायला लागली. पण काय उपयोग? मावशी कोरडी झाली होती. शब्द बरोबर, मान बरोबर, सगळं बरोबर, आणि आत कुणी नाही. मिस्टर हलाश चिडले नाहीत, ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. शेवटी मेकअपवाला गस आला, त्याने नळीतून तिच्या डोळ्यांत पुदिन्याच्या अर्काची वाफ फुंकली, आणि पाणी आलं. शॉट झाला. छान, ओपल, सगळे म्हणाले.

परतताना ट्राममध्ये तिने रुमालाने चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग पुसला. मग म्हणाली, "पाणी आलं गं लू. मी नाही आले."

मी खूप बोलले. तुला काय पडलं होतं, ती गेली असती तर दुसरी आली असती, तुझी बादली कुठे होती, असं काय काय. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला फक्त. म्हणाली, अगं, ती पोरगी समोर बुडत होती.

सिनेमा लागला तेव्हा आमची अख्खी वस्ती गेली, मिस्टर टॅगर्ट तर टाय लावून. तो सीन आला. पडदाभर कोरीन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरीनच. कोपऱ्यात मावशीचा खांदा आणि अंबाड्याचा एक तुकडा. आवाज तिचा. सगळं थिएटर मुसमुसत होतं आणि मी रागाने रडत होते. आमच्या रांगेत कुणी हललं नाही. मावशीने पुढे वाकून बघितलं, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, अंबाडा बरा बसलाय.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात सगळे हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. मिस्टर टॅगर्ट तर टोमॅटोच्या रोपांवरसुद्धा बोलले.

त्यानंतर स्टुडिओतून फोन आला. मी घेतला. कोरीन डेलचा नवीन सिनेमा सुरू होतोय आणि तिने अट घातलीय, तिच्या क्लोजअपला समोर मिस ओपलच हव्यात. भूमिका कुठली, मी विचारलं. भूमिका नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून दुसऱ्यांचे संवाद वाचायचे. रोज.

मी मावशीला सांगितलं आणि लगेच म्हटलं, नाही सांगते त्यांना. अपमान आहे हा. आधी तुझा क्लोजअप खाल्ला आणि आता तुला दाराबाहेरच उभं करतायत. यापेक्षा ट्रे घेऊन चालणं परवडलं, निदान दिसतेस तरी.

तिने एप्रन काढून खुंटीला लावला. बाहेर गेली, संत्र्याच्या झाडाखाली बसली. मी जाळीच्या दारातून बघत होते, पण चेहऱ्यावर काही दिसेना. इतकी वर्षं पडद्यावर यायला धडपडली, आणि आता हो म्हटलं तर पडद्यावर येणंच संपलं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. उन्हं कलली तेव्हा ती आत आली, फोन उचलला आणि विचारलं, किती वाजता यायचं?

सकाळी मी उठले तर ती निळा झगा इस्त्री करत होती, तो ईस्टरला घालायचा. लिपस्टिक लावलेली. कानात मोती.

"मावशी, कॅमेरा तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही गं."

"कॅमेरा नाही," ती म्हणाली. "ती बघणारे ना दिवसभर. जरा मागची बटणं लाव, उशीर होतोय मला."

मी बटणं लावली. तिचा श्वास भरभर चालला होता, पहिल्यांदा कामाला निघालेल्या मुलीसारखा, आणि मधेच ती पुटपुटून बघत होती, एका खाणमालकाचे संवाद होते वाटतं, जाड आवाजात.