बिनकामाच्या झाडांची साक्ष

"साफ कापलेली थुटं आहेत. आणि तू वादळ म्हणतोस?"

एसीएफ साहेब, म्हणजे माझे वरिष्ठ, सागाच्या उरलेल्या बुंध्यावर बूट ठेवून बीटगार्ड मडावीला विचारत होते. अर्जुनी मोरगावकडच्या जंगलात एक लांब, अरुंद पट्टा उघडा पडला होता. दोन्ही बाजूंचं रान जसंच्या तसं. मी तिथला रेंजर. मडावीचं सस्पेन्शन टाइप होऊन तयार होतं, फक्त माझा रिपोर्ट लागायचा होता.

"वावटळीनं पाडलन साहेब. म्या कायले तोडीन?"

"झूठ मत बोल. वावटळीनं पाचोळा उडतो, सागवान नाही."

साहेबांचं अर्धं बरोबर होतं. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते. पण मडावी ज्याला वावटळ म्हणत होता तो टोर्नेडो असावा, आणि तो गडगडाटी ढगातून खाली येतो. खाली दमट, उबदार हवा, वर थंड. त्यात खालचा वारा एका दिशेचा न् वरचा दुसऱ्या, की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरते. वर चढणारी हवा तिला उभी करते. ती जमिनीला टेकली की वाटेतलं काही उरत नाही. आपल्याकडे क्वचितच होतं, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही.

आणि पुरावा मडावीनंच पुसलेला! मोडका साग चोरीला जाऊ नये म्हणून यानं बुंधे करवतीनं सारखे केले, लाकडं ओढून थप्पी लावली. काम झालं की सांगू म्हणून थांबला. तेवढ्यात साहेब न कळवता पाहणी करून गेले. माझा हॅमर, म्हणजे खात्याचा शिक्का, त्या लाकडांवर बसलाच नव्हता. बिनशिक्क्याची थप्पी म्हणजे चोरीचा माल. मला कीव आली आणि रागही.

"काऊन एवढी घाई केली रे?"

"चोरी झाली असती तं तुमीच बोलले असते."

बोललोच असतो.

मग साहेबांना घेऊन पट्ट्यातली पळस, मोई असली झाडं बघायला गेलो. बाजारात किंमत नाही, म्हणून त्यांना कुणी हात लावला नव्हता. साध्या वादळात झाडं एकाच दिशेला आडवी होतात. इथं दोन्ही कडांची झाडं समोरासमोर, आत शेंडे करून पडलेली. एका मोईचं खोड पिळलेल्या धुण्यासारखं.

"कुऱ्हाडीनं असं पिळता येतं का, सर?" मी विचारलं.

साहेब खोडाभोवती दोनदा फिरले. "ठीक आहे. फोटो काढा."

सस्पेन्शन टळलं. पण परवानगीशिवाय पडलेल्या झाडांना हात लावला म्हणून मेमो निघाला. सही माझी.

पुढच्या वादळात मडावीचा फोन आला. मागे एसटीचा हॉर्न.

"साहेब, रस्त्यावर झाड पडलं. माणसं बोंबलून राहिली. हात लावू का नोको?"

"अरे उचल ना बाबा!"

"तसं लिहून पाठवता का?"

पाठवलं. चिठ्ठी पोचेपर्यंत एसटी तिथंच उभी होती. यात मडावीची चूक मला तरी दाखवता येणार नाही.