देवरे साहेबांची शेवटची मंजुरी

मंडळी, आत्ताच ऑफिसातून घरी आलेय आणि डोळे अजून ओले आहेत. हसू नका.

आमच्या सातपूरच्या कारखान्यात कॉम्प्युटरमध्ये कुठलाही बदल करायचा तर आधी विनंती टाकावी लागते. ती ‘मंजुरी बाकी’ म्हणून देवरे साहेबांकडे जाते. त्यांनी बटण दाबून ती ‘मंजूर’ केल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही.

साहेब आज रिटायर झाले. मंजुरीच्या जागी त्यांचं नाव काढून नवं नाव टाकायचं काम माझ्याकडे होतं. नियमाप्रमाणे विनंती टाकली आणि बघते तर काय, तीही त्यांच्याकडेच मंजुरीला गेली! संध्याकाळी त्यांचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद होणार, म्हणजे सगळंच अडकणार.

निरोपाचा हार गळ्यात असतानाच त्यांना ओढत कॉम्प्युटरपुढे आणलं. “साहेब, तुमचं नाव काढायला तुमचीच मंजुरी लागतेय.”

साहेब मोठ्यांदा हसले. मग चष्मा लावून, नेहमीसारखी, अख्खी विनंती वाचली. शेवटचा रकाना मी घाईत रिकामाच ठेवला होता.

“उद्या काही बिघडलं तर काय करायचं, ते लिहिलंच नाहीस. असं मी कधी मंजूर केलंय का, पोरी?”

मी तिथंच टाइप केलं, “देवरे साहेबांना बोलवायचं.”

त्यांनी ती ओळही नीट वाचली. मग हार सावरला आणि बटण दाबलं.

तुमच्या त्या रकान्यात तुम्ही कुणाचं नाव लिहाल?