भरून काढलेला श्वास

ऑफिसात तिला सगळे 'बिनपावती' म्हणायचे. आवाज एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेणारे प्रोग्राम लिहिणं हे तिचं काम, आणि त्यातही डेटाग्राम सॉकेटवर, म्हणजे पोचपावती न मागता पाठवायच्या पद्धतीवर, तिचा भारी जीव. आधी जोडणी करा, मग समोरच्याच्या होकाराची वाट बघत बसा, असला नखरा तिला खपत नसे. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, पत्ता लावायचा, सोडून द्यायचे. पोचला तर पोचला, हरवला तर त्याच्या नावाने रडत बसायचं नाही. घरीही बाईसाहेब तशाच. "बाबा, बसते हं कामाला!" असं ओरडून, उत्तराला न थांबता खोलीत पसार.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मात्र तिचा जीव टांगणीला लागला. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. तिने त्यांच्या उशाशी माइकची एक छोटी डबी ठेवली आणि दिवसभर आपल्या खोलीत हेडफोनवर त्यांचा श्वास ऐकत ती घरूनच काम करू लागली. "ही डबी बंद पडली ना बाबा, की मी धावत येईन," असं त्यांना सांगूनही ठेवलं. पण वाटेत तुकडे हरवत आणि श्वास मधेच तुटे. धाकट्या भावाने एकदा ऐकलं आणि तो पांढराफटक पडला.

"ताई, हे असं थांबतं ना, माझ्या काळजाचं पाणी होतं गं. काहीतरी कर."

तिने केलं. शेवटचा पूर्ण श्वास प्रोग्रामने जपून ठेवायचा आणि हरवलेल्या तुकड्याच्या जागी त्यातला तुकडा लावायचा. किती वेळ लावत राहायचं, ही मर्यादा घालायला मात्र ती विसरली. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला उभं सोलून काढलं असतं.

त्या दुपारी श्वास फार शांत येत होता. तिला बरंच वाटलं. मग जाणवलं, खोकला नाही, चादरीची सळसळ नाही, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी तीच बारीक शीळ. डबीकडून आलेल्या तुकड्यांचा आकडा तिने पडद्यावर आणला. तो हलत नव्हता. कानात श्वास चालूच होता.

ती धावली. बाबा पलंगाच्या कडेला कलंडले होते, गार पडलेले. डबीची वायर प्लगमधून उपटलेली, त्यांच्या मुठीत घट्ट. हाक मारायला आवाज उरला नसणार. त्यांनी आपल्या परीने तिला बोलावलं होतं.

भावाला फोन करून ती "ये" एवढंच म्हणू शकली. तो धापा टाकत आला तेव्हा ती आपल्या टेबलापाशी बसली होती. प्रोग्राम बंद करायला एक कळ दाबायची होती, पण तिच्याने ती दाबवेना. भावाने सवयीने हेडफोन उचलून कानाला लावला आणि त्याचा चेहरा सैलावला.

"वेडी आहेस का ताई! केवढा घाबरलो मी. झोपलेत की शांत."

"अजून थोडं ऐक," ती म्हणाली.