दिपेश सर्व्हेअरचं ग्राफिक कार्ड

उरण तालुक्यातल्या त्या गावात कुणाला गेमिंगचा पीसी घ्यायचा असला की तो आधी दिपेशकडे जातो, आणि मग तीन महिने पीसी घेत नाही. कारण दिपेश त्याला घेऊच देत नाही. हा पॉवर सप्लाय कमजोर, तो पंखा आवाज करतो, ह्या बोर्डाचं पुढचं मॉडेल दिवाळीत येतंय, जरा थांब. माणूस थांबतो. थांबून थांबून कंटाळतो, एक दिवस गुपचूप बेलापूरला जाऊन मिळेल ते उचलून आणतो आणि पुढे सहा महिने दिपेश दिसला की गल्ली बदलतो.

दुसऱ्यांच्या बाबतीत ही तऱ्हा, मग स्वतःच्या बाबतीत काय विचारता! दिपेश तीन वर्षं स्वतःचा पीसी निवडत होता. प्रोसेसर कोणता, रॅम किती, आणि तो झाल्यावर गेम कोणकोणते खेळायचे, ह्याची त्याने दोनशे पानी वही केली होती. वहीत अकरा गेम पक्के झाले होते. पीसीचा मात्र पत्ता नव्हता.

ह्यात त्याचा एकट्याचा दोष नाही, अर्धा दोष नोकरीचा. तो न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात कंटेनरचा सर्व्हेअर आहे. रिकामा कंटेनर आला की त्याच्या सहाही बाजू तपासायच्या, कुठे डेंट असला तर टेपने खोली मोजायची, मग आत शिरून दारं ओढून घ्यायची आणि अंधारात उभं राहून कुठून उजेड येतो का ते पाहायचं. उजेड दिसला म्हणजे भोक आहे. मग रिपोर्ट लिहायचा. अकरा वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर बिघडणारच. रुचिताला बघायला गेला तेव्हा चहाच्या कपाला कुठे टवका उडालाय का हे पाहायला त्याने कप इतका वाकडा केला की सगळा चहा मांडीवर आला. ही गोष्ट रुचिता अजूनही घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि पाहुण्यासमोर चहा ठेवतानाच सांगते.

पीसीची निवडही त्याने ह्याच पद्धतीने चालवली होती. खाडीकडच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही म्हणून त्याने तीन प्रकारच्या कॅबिनेटचे स्क्रू मागवले आणि मिठाच्या पाण्याने भरलेल्या तीन वाट्यांत आठ दिवस भिजत घातले. त्यातली एक वाटी त्याच्या आईने, कृष्णाबाईने, घाईत कालवणात ओतली. सबंध घराने त्या दिवशी जपून जेवण केलं. चार स्क्रू होते, चारही सापडले, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

एवढं सगळं आणखी वर्षभर चाललं असतं. पण मध्ये आली खंडेनवमी आणि तिच्यासोबत आला रुचिताचा फ्रीझर.

रुचिता कोलंबीचं लोणचं करते. गावात सुरू झालेलं ते लोणचं आता पनवेलपर्यंत जातं, आणि कोलंबी साठवायला तिला मोठा फ्रीझर हवा होता. घरात मोकळा कोपरा एकच, खिडकीजवळचा. तोच कोपरा दिपेशने तीन वर्षं पीसीसाठी राखून ठेवला होता. म्हणजे तिथे एक टेबल होतं, टेबलावर वही होती आणि वहीवर धूळ होती.

हा तंटा काळूरामपुढे गेला. काळूराम म्हणजे दिपेशचे वडील, वय सत्तरच्या पुढे. उभं तारुण्य मिठागरात गेलेलं. ते मिठागर यार्डासाठी गेलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दिपेश ज्या यार्डात नोकरी करतो, तेच ते यार्ड. काळूराम त्याबद्दल कधी काही बोलला नाही. एकदाच, दिपेशच्या पहिल्या पगाराच्या दिवशी, त्याने विचारलं होतं, "तुजा ऑफिस कनच्या बाजूला? उघाडीच्या कं?" उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आगरात घ्यायचं दार. दिपेशला उघाडी कुठे होती तेच ठाऊक नव्हतं. तो "हो" म्हणाला आणि विषय मिटला.

त्या घरात काळूरामचा एक नियम होता. खंडेनवमीला जी वस्तू चालू हालतीत पूजेला बसेल, तिला वर्षभर घरात जागा. बंद पडलेल्या अवजाराला हळदकुंकू नाही आणि जागाही नाही. मिठागरातलं फावडं असो नाहीतर अंगणातला पंप, सगळ्यांना हाच कायदा.

"खंडेनवमीला जो चालंल त्याचा कोपरा," काळूरामने निकाल दिला. "मना दुसरा काय सांगू नका."

मग मात्र दिपेश पेटला. आठ दिवसांत बोर्ड, प्रोसेसर, रॅम, मॉनिटर, सगळं मागवलं. कॅबिनेट आलं तेव्हा ते घेऊन तो कपाटात शिरला, दार लावून घेतलं आणि कॅबिनेटच्या आत टॉर्च पेटवून कुठून उजेड गळतोय ते पाहत बसला. जाळीचं कॅबिनेट ते, सगळीकडूनच गळत होता. राहिलं एकच, ग्राफिक कार्ड. त्याच्याशिवाय वहीतल्या अकरापैकी एकही गेम चालणार नव्हता.

कार्ड आलं. पार्सलवाला प्रीतम दारात उभा राहिला. दिपेशने खोकं हातात घेऊन सहाही बाजूंनी फिरवून पाहिलं.

"उजव्या कोपऱ्याला डेंट आहे. परत ने."

दुसरं आलं. त्याच्या चिकटपट्टीवर आणखी एक चिकटपट्टी होती. "सील बदललंय. परत."

तिसरं आलं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. त्याच्या खालच्या बाजूला ओलीचा डाग होता, बोटाच्या पेराएवढा.

"अरे दादा," प्रीतम काकुळतीला आला, "कार्ड आत आहे ना? खोक्यावर गेम खेळणार काय तू?"

"तसं नसतं रे. बाहेर ओल म्हणजे आत काय असंल सांगता येत नाही."

"खोल ना मग! खोलून बघ!"

पण ओल लागलेलं खोकं सर्व्हेअर आधी उघडत नाही, आधी नाकारतो. प्रीतम ते घेऊन गेला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रुचिताने पदराने तोंड झाकलं, पण हसू काही झाकलं गेलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "फ्रीझर आणणाऱ्या टेम्पोवाल्याला सकाळी नऊची वेळ देऊ का साडेनऊची?"

खंडेनवमीला सकाळी ओटीवर दोन्ही पक्ष हजर झाले. एका बाजूला रुचिताचा पांढराशुभ्र फ्रीझर, बटण दाबताच घुमायला लागलेला. दुसऱ्या बाजूला दिपेशचा पीसी, आत कार्डाच्या जागी भोक. कृष्णाबाई हळदकुंकवाचं ताट, झेंडू आणि पाण्याचा गडू घेऊन उभी. तिने शिंपडायला पाणी ओंजळीत घेताच दिपेश पीसीवर आडवा पडला, आणि ते पाणी त्याच्या पाठीवर गेलं.

दिपेशने एक हुशारी करून ठेवली होती. प्रोसेसर असा घेतला होता की कार्ड नसलं तरी पडद्यावर चित्र येईल. चित्र आलं.

"चालला," दिपेश म्हणाला.

"चालला म्हंजे?" काळूराम खुर्ची ओढून पुढे बसला. "लाइट तं देव्हाऱ्यातला बल्बपन देतो. यो काम काय करतं, त्या दाखव."

दिपेशला घाम फुटला. अकरा गेममधला एकही उघडणार नव्हता. मशीन तपासायला त्याने एक फुकटातला चिमुकला गेम उतरवून ठेवला होता. त्यात माती टाकायची, पाणी सोडायचं, बांध घालायचे, बस. असल्या गेमला वहीत जागा मिळाली नसती. पण वेळच अशी होती. त्याने तो उघडला, थोडी माती टाकली, समुद्राचं पाणी सोडलं आणि वडलांकडे न बघता म्हणाला, "हे असं."

काळूराम पाहत राहिला. पाणी दिपेशने घातलेल्या बांधाला धडकलं आणि बांध फुटला.

"गाढवा, बांद असा घालतान कं?" काळूराम म्हणाला. "पायथा कवरा बारीक ठेवलास! सर. सर तिकरं. यो उंदीर दे मना."

माऊस त्याच्या हातात गेला. पहिली दहा मिनिटं माती भलतीकडेच पडली. पुढच्या दहा मिनिटांत बांध उभा राहिला, रुंद पायथ्याचा. मग त्या बांधात एक फट ठेवली गेली, पाणी आत येण्यापुरती. मग आतल्या बाजूला एक मोठा चौकोन, त्याला लागून दुसरा, त्याच्या पुढे तिसरा. कृष्णाबाईच्या हातातलं ताट जड झालं, तिने ते फ्रीझरवर टेकवलं.

"पयल्यान पानी तापतं," काळूराम कुणाला तरी सांगत होता, बहुतेक पडद्यालाच. "दुसऱ्यान घट होतं. तिसऱ्यान मीठ."

पडद्यावरच्या बांधातली ती फट पाहून दिपेशला कळलं की उघाडी कुठे होती. यार्डाच्या दक्षिणेच्या गेटवर, जिथे तो रोज हेल्मेट घालून सही करतो, बरोबर तिथे. तो उगीच वायर तपासायला टेबलाखाली शिरला.

"बाबा," तो तिथूनच म्हणाला, "ह्या गेममध्ये मीठ नाय."

"नसू दे. आदी बांद तं बसू दे."

काळूराम पडद्यापुढून उठेना, त्यामुळे निकाल सांगावा लागलाच नाही. कृष्णाबाईने पीसीला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. दिपेशने ते पंख्यापासून चार बोटं लांब सरकवलं. रुचिताने आपला फ्रीझर मागच्या पडवीत हलवला. हरल्याचं तिला वाईट वाटलं होतं, ते तिने स्पष्ट सांगितलं, आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी दिपेशच्या हाताला लागणार नाही इतक्या वर ठेवली.

कोपरा दिपेशचा झाला. खुर्ची मात्र झाली नाही. काळूराम सकाळी चहा घेऊन तिथे बसू लागला. जेवायला उठे, परत बसे. तोवर कुणाच्या कामात न पडणारा, कुणी आलं की जागा सोडून उठणारा माणूस तो. मिठागर गेलं तेव्हाही असाच उठला होता. आता मात्र कुणी हाक मारली तरी मान वळवत नव्हता. पाचव्या दिवशी त्याचे चौदा कप्पे झाले होते आणि प्रत्येक कप्प्याला नाव होतं. ती नावं दिपेशने जन्मात ऐकली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी प्रीतम आला. चौथं खोकं. ह्या खेपेला त्याने ते टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून आणलं होतं.

दिपेशने टॉवेल बाजूला केला. सहा बाजू पाहिल्या. कोपरे बोटाने दाबले. सील जागच्या जागी, खालची बाजू कोरडी. अकरा वर्षांत इतकं निर्दोष खोकं त्याच्या हातात आलं नव्हतं. वहीतले अकराही गेम त्याच्या डोळ्यांसमोरून गेले आणि बोटं शिवशिवली.

आतून काळूरामचा आवाज आला, "कोन आलंय रं? तुजी वस्तू आली कं? थांब, मी उठतू."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"नाय बाबा, बसा तुमी!" दिपेश घाईने ओरडला. मग आवाज खाली आणून प्रीतमला म्हणाला, "डाव्या कोपऱ्याला डेंट आहे. परत ने."

प्रीतमने खोकं उलटंपालटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. "कुठंय डेंट?"

"आहे," दिपेश म्हणाला. "बारीक आहे. तुला नाय दिसणार."

प्रीतमच्या मागे, अंगणात कोलंबी सोलत बसलेल्या रुचिताने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. संध्याकाळी लोणच्याची बरणी फळीवरून खाली आली होती.